गोळी चालू हाय तोवर

लेक झाली तेव्हा रेश्मानं पहिल्यांदा काय बघितलं असेल? नाक-डोळे? रंग? छे! नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं पुढं धरलं, तर हिनं दुपटं उलगडून पोरीची कोपरं बघितली, गुडघे बघितले, कानाच्या मागं बघितलं. कुठं लाल चट्टा दिसतोय का, एवढंच. नर्स म्हणाली, "अगं बाई, गारठंल की ती!" तरी हिचा जीव काही भांड्यात पडेना. शेवटी सासूनं दुपटं ओढून घेतलं आणि नात छातीशी धरली. "माजी छकुली ती, काय व्हत न्हाय तिला," म्हणाली. तेच नाव पडलं.

रेश्माच्या अंगाला सोरायसिस होता. दहावीत असताना कोपरावर पहिला चट्टा उठला. मग डोक्यात, पाठीवर, पायांवर. वर पांढरा कोंडा, खाली लाल कातडी. अंथरूण झाडलं की मूठभर खपल्या निघायच्या. शेळगावच्या माहेरी आईनं लिंबाच्या पाल्यापासून गोमूत्रापर्यंत सगळं करून बघितलं आणि शेवटी बारामतीला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी सांगितलं, हा आजार कुणाला लागत नाही, पण मुळातनं जातही नाही. ताब्यात ठेवायचा. त्यांनी आठवड्याला एक अशी गोळी दिली, अधूनमधून रक्त तपासायला सांगितलं. त्या गोळीनं पोरगी माणसात आली. अर्ध्या बाह्यांचं झंपर घालून लग्नाला उभी राहिली, ते त्या गोळीच्या जिवावर.

लग्नात लपवाछपवी काही केली नव्हती हो. निरवांगीचे लोक बघायला आले तेव्हा रेश्माच्या आईनं भीत भीत सगळं सांगून टाकलं. नवरामुलगा समाधान खाली मान घालून बसला होता. त्याची आई कौसल्या तेवढी बोलली, "अंगाचं काय घिऊन बसलाय? पोरगी हसती चांगली." संपला विषय. हे मुद्दाम सांगतोय. पुढं जे झालं ते ऐकून कौसल्याबाईला नावं ठेवाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. बाई वाईट नव्हती. रेश्मा तिला आत्या म्हणायची, आणि आत्या तिला स्वतःच्या ताटातलं भरवायची.

मूल पाहिजे म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद करायला लावली. ही गोळी अंगात असताना दिवस राहिले तर गर्भाला धोका असतो, म्हणून आधी ती अंगातनं पुरती जाऊ द्यायची. केली बंद. पण दिवस काही राहिले नाहीत, आणि चट्टे मात्र पुन्हा फुलले. परत गोळी. परत बंद. असं दोनदा झालं. नुसती तारेवरची कसरत, एक सांभाळावं तर दुसरं बिघडायचं. पुढं एकदाचे दिवस राहिले, आणि काय सांगू, अंग असं नितळ झालं की रेश्मा आरशासमोरनं हलेना. समाधान लोणी देवकरच्या कारखान्यातनं शिफ्ट करून आला की तिच्या हाताकडं बघत बसायचा. आळीतल्या बाया म्हणाल्या, लेकराचा पायगुण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणात बरेचदा असं होतं. बाळंतपणानंतर उलटेल, तेव्हा लगेच या."

उलटलाच. छकुलीचं बारसं झालं आणि रेश्माच्या हाताची कातडी तडकायला लागली. ती गेली नाही दवाखान्यात. का? तर गोळी सुरू झाली की पोरीचं दूध तोडावं लागणार, हे तिला आधीच सांगितलेलं होतं. इतक्या हालांनी मिळालेलं लेकरू, ते पदराखाली घेतलं की कसं डोळे मिटून गप व्हायचं! समाधान म्हणायचा, "चल, दाखवून तरी येऊ." ही म्हणायची, "वाईच थांबा, बसाय लागू द्या तिला." बसायला लागली. मग, "वाईच रांगू द्या." तोवर आजार कातडीतनं सांध्यात उतरला. बोटं सुजली. सकाळी मूठ मिटेना. पोरीच्या झबल्याची नाडी बांधता येईना. एक दिवस अंघोळ घालताना छकुली हातातनं निसटली, आत्यानं वरच्या वर झेलली, म्हणून वाचली. त्या दिवशी रेश्मा मोरीत बसून ओक्साबोक्शी रडली, आणि दुसऱ्या दिवशी सासू-सुना बारामतीला गेल्या.

डॉक्टरीणबाई बोटं दाबून बघत म्हणाल्या, "आणखी थांबलीस तर ही वाकडी होतील आणि परत सरळ होणार नाहीत. आजपासून गोळी. आणि बाळाला दूध पाजायचं नाही. औषध दुधात उतरतं." बाहेर ही गर्दी. पुढचा पेशंट आत शिरलासुद्धा. खाली औषधाच्या दुकानात गोळ्या घेताना दुकानदारानं आपल्या परीनं भर घातली, "काकू, ही गोळी लहान मुलाच्या हाताला लागू देऊ नका बरं का. जालीम असते."

जालीम. हा एकच शब्द कौसल्याबाईनं पदराच्या गाठीला बांधल्यासारखा घरी आणला.

त्याला कारण होतं. त्यांची डाळिंबाची बाग. डाळिंब म्हणजे फवारणी आलीच. तेल्याला मारा, मर रोगाला मारा, फुलकिड्याला मारा. ज्यांच्या घरात बाग आहे त्यांना काय ते ठाऊक असतं. फवारा मारून आलेला माणूस आधी विहिरीवर अंघोळ करतो, त्याचे कपडे वेगळे, त्याचं पाण्याचं तांब्या-भांडं वेगळं. मारलेल्या झाडाखाली पोर जात नाही, शेळी जात नाही. औषध नुसतं पानावर बसत नाही, ते झाडात मुरतं, रसात उतरतं, फळात येतं; म्हणून तर फवारल्यावर इतके दिवस फळ तोडायचं नाही असं डब्यावर लिहिलेलं असतं. हे शहाणपण आहे, भाबडेपण नाही. आणि कौसल्याबाईला ते फार महागात शिकायला मिळालं होतं. समाधानच्या पाठचा तिचा संभाजी, दुडुदुडू पळायच्या वयाचा. बाप सर्जेराव फवारून आला, दमून ओसरीवर टेकला. पोरगं येऊन मांडीवर बसलं, बापाच्या सदऱ्याची बाही चोखली. संध्याकाळपर्यंत गेलं. तेव्हापासून सर्जेरावानं पंप हातात धरलेला नाही आणि बाई हसते पण पोटातनं हसत नाही.

आता सांगा, अशा बाईला कुणी म्हटलं की तुझ्या सुनेच्या अंगात जालीम औषध चाललंय, ते दुधात उतरतंय, तर तिनं काय समजावं? दुधात उतरतं तर घामात उतरणार न्हाय? आणि ह्या खपल्या, दिवसभर झडतात त्या? पोर रांगतंय, सापडंल ते तोंडात घालतंय.

घरी आल्या आल्या तिनं छकुलीला उचललं आणि रेश्माला म्हणाली, "पोरी, आता काळजावर दगड ठिव. गोळी चालू हाय तोवर लेकराला हात लावायचा न्हाय."

रेश्मानं मान हलवली! तुम्ही म्हणाल, बारावी शिकलेली पोरगी, तिला कळू नये? अहो, तीसुद्धा शेळगावच्या द्राक्षवाल्याची लेक. फवारणीच्या दिवसांत बापाजवळ जायचं नाही, हे ती आईच्या दुधाबरोबर प्यायली होती. तिला ते अगदी बरोबर वाटलं. उलट सासूच्या आधी आपल्याला कसं सुचलं नाही, म्हणून तीच ओशाळली. तिचं अंथरूण कडेच्या खोलीत गेलं. ताट-वाटी वेगळी झाली.

पहिले दिवस कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. दूध भरून छाती दगड व्हायची, चोळी भिजायची, आणि भिंतीपलीकडं पोर हंबरायचं. ही तोंडात पदर कोंबून बसायची. आत्या वाटी-चमच्यानं दूध पाजताना स्वतःही रडायची, "पी गं माजे बाय, पी." समाधान एकदा म्हणाला, "आई, मॅडमला फोन लावून इचारू का? एवढं लांब ठिवायची गरज हाय का?"

"इचारून काय करतूस?" आई कडाडली. "संभाजीच्या येळंला इचारायला येळ गावला व्हता का? एक लेकरू घालवलंय म्या. दुसरं न्हाय घालवायची."

त्या नावापुढं त्या घरात कुणीच बोलत नसे. एक फोन लावायचा होता हो, एक फोन! पण समाधानची दुपारची शिफ्ट होती, तो डबा घेऊन निघून गेला.

गोळीनं आपलं काम चोख केलं. बोटांची सूज उतरली, मूठ मिटायला लागली, पाठ स्वच्छ झाली. आता झबल्याची नाडी बांधता आली असती. पण बांधायची कुणाची? छकुली भिंतीला धरून उभी राहिली, ते रेश्मानं उंबऱ्याच्या अलीकडनं बघितलं. पहिलं पाऊल टाकलं तेही तिथनंच. पोर धपकन पडलं, हिचे हात आपोआप पुढं गेले आणि हवेतच थांबले. आत्यानं उचललं. आत्याच्या खांद्यावरनं छकुलीनं हिच्याकडं बघितलं, आणि हसली. शेजारची बाई बघून हसावं तसं.

रेश्मानं मग मनाशी ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. गोळीचा वार आला की गोळी तोंडाशी न्यायची, पाणी प्यायचं, आणि गोळी मोरीत सोडायची. आत्याला वाटायचं, घेतली. फवारा मारून झाल्यावर झाड मोकळं व्हायला थांबतात तशी ती थांबली. आपलं अंग आता धुऊन निघालं असेल असा हिशेब मनाशी बसला, तेव्हा एका दुपारी, आत्या आणि सासरे बागेत गेलेले असताना, तिनं झोळीतनं झोपलेली छकुली उचलली.

काय करू आणि काय नको, असं झालं तिला. पोरीच्या टाळूचा वास घेतला. तळपाय गालाला लावले. कानाची पाळी, मानेवरची लव, सगळं हातानं चाचपून बघितलं. छकुली जागी झाली, जरा बावरली, मग हिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत बसली. रेश्मा हलक्या आवाजात तिला सांगत होती, "मी आई हाय. मी आई हाय गं तुजी." अशा काही दुपारी मिळाल्या तिला. संसारात आणखी काही मिळालं नसतं तरी चाललं असतं, असं तिला वाटत होतं.

आणि मग अंग पेटलं. या खेपेला चट्टे नाहीत, डोक्यापासून तळपायापर्यंत सगळी कातडी लालभडक. भर उन्हात तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती आणि कातडी पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटत होती. समाधाननं जीप आणली, बारामतीला दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, औषध असं एकदम सोडल्यानं भडकलंय, जिवावर बेतलं असतं. तेव्हा चोरी उघडी पडली. मोरीत टाकलेल्या गोळ्या, दुपारचं लपून घेणं, तापाच्या ग्लानीत रेश्मा सगळं बोलून गेली.

कौसल्याबाई खाटेशी येऊन उभी राहिली. "औषध अंगात मुरलेलं असताना घ्येतलीस तू तिला? आगं, वैरीण हायस का आई हायस? तिला काय झालं असतं तर?" आणि मग तशीच खाली बसून सुनेचे पाय धरून रडायला लागली, "आन तुला काय झालं असतं तर गं!"

रेश्मा वाचली. गोळी पुन्हा सुरू झाली. या वेळी आत्या स्वतः जिभेवर ठेवायची, तोंड उघडून बघायची. आणि छकुलीला तर कडेच्या खोलीकडं फिरकू द्यायची नाही. रेश्मानंही हात टेकले. तिला वाटलं, माझ्याच हावरेपणानं हे झालं. देवानं एकदा सोडलं, पुन्हा सोडणार नाही. पोर दिसलं की तीच आता दार लोटून घ्यायची.

पुढं तपासणीला सासू-सुना पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या. बाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, हात उलटसुलट करून बघितले. "छान आहे आता. पण मला एक सांग, इतकी वर्षं औषध नीट घेणारी मुलगी तू. मध्येच बंद का केलंस?"

रेश्मा खाली बघत म्हणाली, "लेकराला घ्यायचं व्हतं, मॅडम. लई दिवस घ्येतलं नव्हतं."

"घ्यायचं होतं म्हणजे?"

"उचलून. जवळ."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग घ्यायचं की! त्यासाठी औषध कशाला बंद करायचं?"

कौसल्याबाई पुढं सरकली. "आवो, जालीम हाय म्हनं ते. अंगातनं झिरपतं, घामातनं, खपल्यांतनं..."

"कुणी सांगितलं तुम्हाला? मी दूध पाजू नका म्हणाले होते, बाकी काही नाही. गोळी मुलाच्या हाती लागू द्यायची नाही, बस. आईनं लेकराला जवळ घ्यायचं, भरवायचं, कुशीत झोपवायचं. त्यानं मुलाला काही होत नाही."

"मंजी..." कौसल्याबाईनं सुनेकडं बघितलं. "चालत व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून चालत होतं, मावशी."

डॉक्टरीणबाई आधी चिडल्या होत्या, पण त्या दोघींची तोंडं बघून त्यांचाच राग विरघळला. त्यांनी घंटी वाजवून पाणी मागवलं. कुणी प्यायलं नाही.

एसटीत रेश्मा खिडकीशी बसली होती. कौसल्याबाई शेजारी, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. बारामती मागं पडली, उसाच्या बैलगाड्या मागं पडल्या. बाई एकदाच बोलली. "रेश्मा, तुजं लेकरू म्या माज्या हातानं तोडलं गं." रेश्माला सासूचा राग यायला पाहिजे होता, आणि आलाही होता, पोटात निखारा ठेवल्यासारखा. पण त्याहून मोठी घाई होती तिला. घर कधी येतंय, असं झालं होतं. एवढे दिवस गेले ते गेले. आज रात्री पोर माझ्या कुशीत झोपणार. आता कुणी अडवणारं नव्हतं. गाडी थांबायच्या आधीच ती उठून दारात उभी राहिली.

अंगणात सर्जेराव बाजेवर बसले होते आणि छकुली त्यांच्यासमोर मातीत खेळत होती. रेश्मा जवळजवळ पळतच आत शिरली. चप्पलसुद्धा काढली नाही. पोरीसमोर गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात पसरले. "ये. ये माजे बाय. चालतंय आता. ये."

छकुलीनं बघितलं. उठून उभी राहिली. आणि एक पाऊल मागं सरकून दोन्ही हात पाठीमागं नेऊन घट्ट बांधून धरले.

"जा की," कौसल्याबाई फाटकातनं म्हणाली. "आई हाय ती. जा, छकुले."

छकुलीनं आजीकडं बघितलं, ही काहीतरी परीक्षा बघतेय अशा नजरेनं. मग शहाण्यासारखी मान हलवली आणि म्हणाली, "न्हाय. गोली."

रेश्मानं तिला उचललंच. छातीशी आवळून धरलं, केसांत तोंड खुपसलं. पोर रडलं नाही, ओरडलं नाही. नुसतं अंग ताठ करून, श्वास धरून, संपायची वाट बघत राहिलं. हात तसेच पाठीमागं. रेश्माला ते कळलं आणि तिची मिठी आपोआप सैल झाली. तिनं छकुलीला हळूच खाली ठेवलं.

तशी छकुली दुडुदुडू चालत आजीकडं गेली. आईच्या जवळ चुकून गेलं की आजी काय करायची ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं दोन्ही पंजे आजीपुढं धरले आणि म्हणाली, "धू."